तळमजल्याच्या खिडकीचं माप

३१ मार्च, मंगळवार. सकाळी पाणी सहा चाळीसला आलं, सात वीसला गेलं. गॅसवाला आला नाही, परत फोन करणे. दुपारी तळमजल्याच्या दाराला नवं कुलूप लागलं. टीपबाईंनी माझ्या निळ्या कोटाला अस्तर लावून दिलं. कापड पिवळं.

माझ्या डायरीत एका दिवसाला बारा ओळी मावतात, आणि आज दुपारपर्यंत एवढ्यात भागलं. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी लावलेली सवय. आधी तारीख, मग वार, मग जे घडलं ते. जे वाटलं ते आपल्यापाशी ठेवायचं. साठ वर्षं मी तसंच लिहीत आले आहे. पण त्या कुलपाची आणि त्या अस्तराची गोष्ट बारा ओळींत बसत नाही, म्हणून ही वेगळी पानं.

टीपबाई माझ्या शेजारच्या दारात राहतात. वय एकसष्ट. त्यांचं खरं नाव मतदारयादीत असेल, इमारतीत कोणाला ते लागत नाही. जिन्यात कोणाची शिवण उसवलेली दिसली की त्या वाट अडवून म्हणतात, "थांबा, एवढी एक टीप मारून देते," आणि त्या माणसाला अंगातल्या शर्टासकट मशीनपुढे उभं करतात. आखूड करणं, सैल करणं, चेन बदलणं ही त्यांची कामं. मापाची टेप सदा गळ्यात. ती काढून ठेवलेली मी एकदाच पाहिली, नवऱ्याला दवाखान्यात नेलं त्या दिवशी.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचे. शहरातल्या मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट त्यांच्या हाताखालून गेल्या, आणि घर घेतलं ते बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, सत्तावन्न पायऱ्यांवर. टीपबाई हे सगळ्यांना सांगायच्या. "मी तेव्हाच विचारलं होतं यांना, अहो, तुम्ही लिफ्टवाले आणि आपण जिना चढायचा? तर म्हणाले, दिवसभर तिचंच तोंड बघतो, घरी आल्यावर तरी नको." नवरा शेजारी बसून हसायचे.

दीड वर्षापूर्वी एका सकाळी त्यांचं उजवं अंग गेलं. चार जणांनी लाकडी खुर्चीत बसवून खाली नेलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची कठड्यात अडकली, आणि आधी पाय काढायचे की पाठ, यावर चौघांचा वाद चालला होता तोवर दहा मिनिटं ते तिरके टांगल्यासारखे बसून होते. दवाखान्यातून तसंच वर आणलं. त्यानंतर ते एकदाही खाली उतरले नाहीत. तीन शब्द तेवढे राहिले. "बरं", "नको" आणि "खाली". "खाली" म्हणताना डावा हात खिडकीकडे जातो.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज चालवा, उन्हात बसवा, माणसांत राहू द्या. टीपबाई मला म्हणाल्या, "काकू, खोलीत चालवते, पण माणसं कुठून आणू? माझ्याकडे येतात ती मापं द्यायला येतात आणि जातात."

आमच्याच इमारतीत तळमजल्यावरची जागा तीन वर्षं बंद होती. मालक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. ही जागा त्यांनी पैसे गुंतवायला म्हणून घेतली होती. तिची पुढची खिडकी रस्त्याला लागून आहे, येणाऱ्याजाणाऱ्याचा खांदा लागेल इतकी. समोर सायकल दुरुस्तीचं दुकान. तिथले दोघं भाऊ टीपबाईंच्या नवऱ्याचे जुने दोस्त. कधी चाक, कधी मोटार, काहीतरी उघडून तिघं तासन्‌तास बसायचे. त्या खिडकीशी खुर्ची टाकली की माणसं, ऊन आणि दोस्त, डॉक्टरांनी लिहून दिलेलं सगळं एका जागी होतं.

हे टीपबाईंच्या डोक्यात घातलं किल्लीभाऊंनी. ते जागांचे एजंट. पन्नाशीचे आहेत, कमरेला चाळीसेक किल्ल्यांचा जुडगा, चालताना खुळखुळतो. ते म्हणाले, "ताई, वरची विका, खालची घ्या. खालची खालीच पडली आहे. फरक फार नाही."

"सामान तर काय, सोडलं की खाली," टीपबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी उजळलेला मी पाहिला. ही गेल्या ऑगस्टातली गोष्ट.

आता इथे मला टीपबाईंचीही चूक लिहिली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी, जागांना नुसती झुंबड होती तेव्हा, दुसऱ्या मजल्यावरची आमच्याएवढीच जागा फार चांगल्या आकड्याला गेली होती. टीपबाईंच्या मनात तो आकडा रुतून बसला. सप्टेंबरात पहिलंच गिऱ्हाईक आलं, एक निवृत्त कारकून. सज्जन माणूस. त्यांनी बरा आकडा सांगितला, दुसऱ्या मजल्यापेक्षा थोडा कमी. टीपबाईंनी मान हलवली. "त्यांच्या खिडक्या तरी धड लागत होत्या का? त्यांना मिळाले आणि मला नाहीत?"

किल्लीभाऊ जिन्यात माझ्याजवळ म्हणाले, "काकू, तुम्ही समजवा त्यांना. तो आकडा आता नाही. तो त्या माणसाबरोबरच राहायला गेला."

मी समजावलं. उपयोग झाला नाही. कारकुनांनी दुसरीकडे जागा घेतली, आणि पुढे तेवढा आकडाही कोणी सांगेना.

मग सुरू झाली बघायला येणाऱ्यांची रांग. माझ्या डायरीत सप्टेंबरपासून मार्चपर्यंत सत्तावीस वेळा "शेजारी जागा बघायला लोक" असं लिहिलेलं आहे. मी प्रत्येक वेळी घरीच होते, कारण प्रत्येक वेळी टीपबाईंच्या नवऱ्याला माझ्याकडे आणून बसवायचे. ही किल्लीभाऊंची पद्धत. आजारी माणूस दिसला की लोक विचारतात का विकताय, आणि गरज आहे हे कळलं की आकडा पडतो. फोटो काढतानाही त्यांनी खुर्ची आधी स्वयंपाकघरात सरकवली, मग स्वयंपाकघराचा फोटो काढायला परत खोलीत. नवरा दोन्ही वेळा "बरं" म्हणाले.

माझ्याकडे ते खिडकीशी बसत. मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची. भिंतीपलीकडून पावलं, नळ सोडल्याचा आवाज, टीपबाईंचं "वारा बघा किती येतो" ऐकू यायचं. ते ऐकून त्यांच्या डोळ्यांत हसू यायचं. त्या खोलीत वारा किती येतो हे आम्हा दोघांना माहीत होतं.

लोक तरी किती तऱ्हेचे. काही जण रविवारी फिरायला निघावं तसे यायचे, मुलाबाळांसकट. त्यांना जागा घ्यायची नसायची, लोक कसे राहतात ते बघायचं असायचं. एक जण भिंतीवर लाल दिव्याचं यंत्र रोखून इंच मोजत होता आणि टीपबाईंनी तेच माप टेपने घेऊन त्याचं दीड इंच चुकलंय हे दाखवून दिलं. तो परत आला नाही. एक नवराबायको खोलीच्या मधोमध उभं राहून फोन बघत म्हणाले, "तुमची जाहिरात दोनशे दिवसांपासून आहे ना? म्हणजे काहीतरी असणार." किल्लीभाऊंनी त्या दुपारी जाहिरात काढली आणि दुसऱ्या कोपऱ्यातून फोटो काढून नव्याने टाकली. जागेचं वय परत शून्य दिवस.

बहुतेकांचं म्हणणं मात्र एकच. थांबू या. व्याज उतरेल, मग घेऊ. भाव उतरतील, मग घेऊ.

"घेणारा थांबलाय, विकणाराही थांबलाय," किल्लीभाऊ माझ्याकडे पाणी पीत सांगायचे. "घेणाऱ्याला वाटतं अजून उतरेल, विकणाऱ्याला वाटतं परत चढेल. दोघंही मला विचारतात, काय होईल? मला कळलं असतं तर मी किल्ल्या वाजवत फिरलो असतो का, काकू?"

त्यांनी मला लोकांची भाषाही शिकवली. "कळवतो" म्हणजे नाही. "घरच्यांना दाखवतो" म्हणजे नाही, पण माणूस भिडस्त आहे. "फारच छान सजवलंय हो" म्हणजे जन्मात नाही. "जो नावं ठेवतो ना काकू, फरशी उंचसखल आहे म्हणतो, दार कुरकुरतं म्हणतो, तो घेणार. त्याने मनातल्या मनात सामान आणून ठेवलेलं असतं."

टीपबाई दोन्ही बाजूंना होत्या, म्हणून त्यांची गंमत व्हायची. सकाळी वर विकणारीण, दुपारी खाली घेणारीण. वर त्या म्हणायच्या, "आवाज अजिबात नाही, रस्ता किती लांब." खाली जाऊन मालकांना फोनवर सांगायच्या, "आवाज फार हो इथे, रस्ता अगदी नाकाशी." वर कारकुनांना ज्या तोऱ्यात त्यांनी नकार दिला होता, त्याच तोऱ्यात खालचे मालक त्यांना म्हणायचे, "मला घाई नाही." त्या वर येऊन मला म्हणाल्या, "काय माणूस आहे. अडून बसलाय नुसता." कारकुनांची आठवण मी करून दिली नाही. त्यांच्या डायरीत मी लिहीत नाही.

तरी मालकांनी किल्लीभाऊंना शब्द दिला होता. मार्चअखेरपर्यंत जागा टीपबाईंसाठी ठेवतो, ठरल्या आकड्याला. पुढे बघू.

मार्च लागला आणि नर्सबाई आल्या. तिशीतल्या, दवाखान्यातून ड्यूटी संपवून तशाच, बरोबर नवरा. तो शाळेची बस चालवतो. त्यांच्या भाड्याच्या घराचे मालक जागा विकणार होते आणि मेअखेर त्यांना बाहेर पडायचं होतं. नर्सबाईंनी आल्या आल्या नावं ठेवायला सुरुवात केली. ओट्याची उंची कमी. दाराची कडी सैल. कपाट या भिंतीला बसणार नाही, त्या भिंतीला बसेल. नवरा फरशीवर पेन ठेवून ते कुठे घरंगळतं ते बघत होता. माझ्या घरात टीपबाईंचे मिस्टर आणि मी भिंतीला कान लावल्यासारखे बसलो होतो. किल्लीभाऊंच्या किल्ल्यांचा आवाज थांबला होता. ते त्या घट्ट मुठीत धरून उभे असणार.

तिसऱ्या खेपेला, ९ मार्चला, आकडा ठरला. दुसऱ्या मजल्याचा नव्हे, कारकुनांचाही नव्हे, पण खालची जागा घेता येईल असा. टोकनचा चेक पुढच्या सोमवारी, सोळा तारखेला.

टीपबाई माझ्याकडे आल्या आणि दारातच बसल्या. "काकू, झालं बहुतेक."

"बहुतेक कशाला म्हणता?"

"हो म्हटलं तर दृष्ट लागेल," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "लागू दे. झालं."

आता त्याच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. दोन्ही अशा, की इतर कोणाच्या हातून झाल्या नसत्या.

पहिली बुधवारी, ११ तारखेला. टीपबाईंनी किल्लीभाऊंकडून खालची किल्ली मागून घेतली आणि खिडकीचं माप घ्यायला गेल्या. टोकन नाही, कागद नाही, पण कापडाच्या दुकानात त्यांना पिवळ्या कापडाचा तुकडा स्वस्तात मिळाला होता, आणि हातात कापड आलं की टीपबाईंना धीर धरवत नाही. त्या स्टुलावर चढून, दातांत पेन्सिल धरून खिडकीची रुंदी लिहून घेत होत्या, आणि दारात मालक उभे. वीजबिल न्यायला आले होते. तीन वर्षांत किती वेळा आले असतील, पण आले ते त्याच दिवशी.

"काय करताय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, माप," टीपबाई म्हणाल्या. खोटं त्यांनाही जमत नाही.

दुसऱ्या दिवशी किल्लीभाऊंच्या फोनवर मालकांचा निरोप आला. आजूबाजूचा भाव बघता मला थोडा वाढवून हवा. बाईंना जागा फारच आवडलेली दिसते.

किल्लीभाऊ सत्तावन्न पायऱ्या चढून आले. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "ताई, जागा आवडली तर घेणाऱ्याने तोंड वाकडं करायचं असतं. तुम्ही पडद्याची मापं घ्यायला लागलात?"

"शिवूनसुद्धा झाले," टीपबाई हळूच म्हणाल्या.

तरीही निभावलं असतं. मालकांनी वाढवलेला आकडा आणि नर्सबाईंचा ठरलेला आकडा यांत जे अंतर पडलं, ते मशीन विकून भरून निघेल असं टीपबाईंनी मनाशी ठरवलं होतं. जुनं मशीन आहेच, पायाचं, त्या म्हणाल्या.

दुसरी गोष्ट शनिवारची, १४ तारखेची. ती माझी.

नर्सबाई आणि त्यांचे मिस्टर कपाटासाठी भिंत मोजायला आले होते. टीपबाईंचे मिस्टर नेहमीप्रमाणे माझ्याकडे. दारावर टकटक झाली. मला वाटलं किल्लीभाऊ. दार उघडलं तर नर्सबाई.

"काकू, त्रास देते. एकच विचारायचं होतं. पाणी कसं असतं इथे? माझी ड्यूटी कधी सकाळी संपते, कधी दुपारी. गणवेश घरीच धुवावा लागतो."

असं विचारणाऱ्याला दारात उभं ठेवणं मला जमलं नाही. त्या आत आल्या. त्यांनी खिडकीशी बसलेल्या माणसाकडे पाहिलं, मग त्यांच्या मांडीवरच्या उजव्या हाताकडे. नर्सच त्या. जवळ जाऊन त्यांनी तो हात हातात घेतला, बोटं उलगडून पाहिली.

"किती दिवस झाले?"

"दीड वर्ष," मी म्हणाले. किल्लीभाऊंनी मला सांगून ठेवलं होतं, कोणी विचारलं तर पाहुणे म्हणायचं. ते शब्द माझ्या तोंडापर्यंत आले नाहीत.

"बाजूच्यांचे मिस्टर?"

"हो."

त्यांनी तो हात परत मांडीवर ठेवला. मला वाटलं, आता आपण टीपबाईंचं नुकसान केलं, ते भरून काढलं पाहिजे. पाण्याचं विचारलंय ना, तर पाण्याचं इतकं खरं सांगू की शंकाच उरणार नाही. नुसतं "चांगलं असतं" शेजारी म्हणतातच. माझ्याकडे पुरावा होता. मी कपाटातून गेल्या वर्षाची डायरी काढली.

"हे बघा, मी रोज लिहिते. सकाळी पाणी कधी आलं, कधी गेलं. वर्षभरात फक्त एकोणीस दिवस आलं नाही."

मला ते थोडे वाटत होते. तीनशे पासष्टात एकोणीस. नर्सबाईंनी डायरी घेतली. "वर्षभर रोज?" त्या म्हणाल्या, आणि पानं उलटू लागल्या. त्यांना खरंच नवल वाटत होतं. मग जूनच्या एका पानावर त्या थांबल्या.

मला त्या पानावर काय आहे ते आठवलं नाही. त्यांनी ते वाचलं, आणि मग हळूच विचारलं, "काकू, याचा फोटो घेऊ? मिस्टरांना दाखवते."

"घ्या की," मी म्हणाले. मला वाटलं, पाणी.

त्या गेल्यावर मी ते पान वाचलं. १७ जून. पाणी सहा पाचला, दाब बरा. न्हाणीघराच्या भिंतीला ओल, टीपबाईंच्या बाजूने. प्लंबर आला, उद्या येतो म्हणाला. खाली १८ जून. प्लंबर आला नाही. ओल वाढली. माझं अक्षर सुवाच्य आहे. सिस्टरांनी त्यासाठी बक्षीस दिलं होतं.

ती ओल ऑक्टोबरात थांबली. टीपबाईंनी सगळी पाइपलाइन बदलून घेतली, चार दिवस माझ्याकडे अंघोळी केल्या. तेही मी लिहिलं आहे, ११ ऑक्टोबरला. पण ते पान नर्सबाईंच्या हाती लागलं नाही.

मी त्याच संध्याकाळी त्यांना फोन करून ऑक्टोबरचं पान वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"काकू, तुमच्यावर माझा विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "पण हे म्हणतात, जूनचं आपल्याला दिसलं, ऑक्टोबरचं त्या आता सांगताहेत. आयुष्यात एकदाच घर घ्यायचंय हो. भिंतीच्या आत काय आहे ते मी कुठे बघू?"

त्यांना तरी काय म्हणणार. सोमवारी टोकन आलं नाही, निरोप आला. ओलीचा खर्च वजा करून आकडा. आणि बसवाल्या मिस्टरांची पुढची ओळ, घरात आजारपण असल्यामुळे तुम्हालाही लवकर आटपायचं असेल, हे आम्ही समजू शकतो.

किल्लीभाऊ माझ्या दारात उभे राहिले. आत आले नाहीत. "काकू, तीस वर्षं हा धंदा करतोय. शेजारी खोटं बोलतात, गप्प बसतात, एकाने तर स्वतःचीच जागा दाखवायला सुरुवात केली होती. पण वही काढून दाखवणारा शेजारी मी पहिल्यांदा बघतोय." ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मी टीपबाईंकडे गेले. त्या मशीनवर होत्या. मी सगळं सांगितलं, पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी पायडल थांबवलं आणि वाचलं.

"प्लंबर उद्या येतो म्हणाला, हेसुद्धा लिहिलंय," त्या म्हणाल्या. "आणि आला नाही, हेसुद्धा."

"मला वाटलं, खरं दाखवलं तर..."

"काकू, तुम्ही लिहिलं नसतं तर ओल नव्हती असं थोडंच झालं असतं." त्यांनी परत पायडलवर पाय ठेवला, मग काढला. "मी तरी काय केलं? टेप घेऊन चढले स्टुलावर. आपण दोघी या बाजारात बसायच्या लायकीच्या नाही."

त्या कमी केलेल्या आकड्यालाही तयार झाल्या. माझी सोन्याची साखळी मी त्यांच्यापुढे ठेवली, त्यांनी ती माझ्याच मुठीत परत बंद केली. किल्लीभाऊ वर नर्सबाईंशी आणि खाली मालकांशी फोनवर बोलत राहिले, दहा दिवस. एक जण थोडा वर येईल, दुसरा थोडा खाली येईल, म्हणजे मधे कुठेतरी गाठ पडेल. बसवाल्या मिस्टरांनी वाट बघायचं ठरवलं. जागा इतके दिवस गेली नाही, म्हणजे अजून उतरेल. मालकांनीही वाट बघायचं ठरवलं. बाईंना जागा हवीच आहे, म्हणजे अजून चढेल. २७ तारखेला नर्सबाईंनी स्वतः फोन केला. आवाज ओशाळलेला. "काकू, त्यांना सांगाल का? आम्ही कळवतो."

तो शब्द टीपबाईंना कसा सांगायचा याचा मी तासभर विचार केला. मग तसाच सांगितला.

आज मार्च संपला. दुपारी दोन वाजता खालून ठोकाठोकीचा आवाज आला. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. मालक कुलूपवाल्याला घेऊन आले होते. जुनं कुलूप काढून मोठं बसवत होते. किल्लीभाऊ बाजूला उभे होते, त्यांच्या जुडग्यातली खालची किल्ली त्यांनी वाकून काढून दिली.

"विकली का?" मी वरूनच विचारलं.

"नाही काकू," ते वर बघून म्हणाले. "बाजारातून काढली. दोन वर्षांनी बघतो म्हणतायत."

जागा कोणी घेतली असती, कोणाचं सामान आलं असतं, तर ते निदान समजलं असतं. ती खालीच राहिली.

मी टीपबाईंकडे गेले तेव्हा त्या नवऱ्याला खोलीत चालवत होत्या. भिंतीपासून खिडकीपर्यंत सात पावलं, परत सात. खिडकीशी आल्यावर त्यांनी डावा हात उचलला. "खाली," ते म्हणाले.

"हो," टीपबाई म्हणाल्या. "बघू."

मग त्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं, माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचा तो निळा कोट आणा. अस्तर फाटलंय कधीपासून. माझ्याकडे कापड पडलंय."

मी नको म्हणू शकले नाही. पडदे दोन होते, छान घडी घालून ठेवलेले, वरच्या बाजूला कड्यांसाठी दुहेरी टीप. इथल्या खिडक्यांना ते रुंदीला वीतभर जास्त होतात. त्यांनी कात्री घेतली आणि एका दमात मधून कापत नेले. नवरा बघत होते. कोट होईपर्यंत मी तिथेच बसले. मशीन विकलेलं नाही, हे एक बरं.

"खांद्यात येतोय ना?" त्यांनी मला घालून बघायला लावला, गळ्यातली टेप काढून पाठ मोजली. "बरोबर बसला. पैसे काढलेत तर बघा."

कोट ऊबदार झाला आहे. बाहेरून काही कळत नाही.

घरी आल्यावर डायरीत बाराव्या ओळीपुरती जागा उरली होती. मग उठून न्हाणीघरात गेले, आणि येऊन लिहिलं:

संध्याकाळी न्हाणीघराच्या भिंतीला हात लावून पाहिला. कोरडी आहे.